सासू-सुनेच्या मधला फोन

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझ्या काचेवर उभा तडा आहे आणि दुपार झाली की माझी बॅटरी मान टाकते. तरी मला कमी लेखू नका. मी जे काम केले, ते नव्या कोऱ्या फोनांच्याही नशिबी सहसा येत नाही.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. दांडेलीच्या दुकानातून प्रज्योतने मला उचलले, तिथून माझी गोष्ट सुरू होते. प्रज्योत गणेशगुडीला काळी नदीत पर्यटकांची रबरी होडी चालवतो. सुरुवातीला मी त्याच्यासाठी फोटो काढले, गाणी वाजवली. लग्न झाल्यावर त्याने मला बायकोच्या हाती दिले.

त्याची बायको राखी जन्मापासून बहिरी. बेळगावच्या शाळेत ती लिहायला-वाचायला शिकली होती, पण तिची खुणांची भाषा जोयडा तालुक्यातल्या प्रज्योतच्या वाडीत कोणाला येत नव्हती. तिची सासू अनुसयाबाई. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. आता बघा, सुनेला सासूचे बोलणे ऐकू येईना आणि सासूला सुनेच्या खुणा दिसेनात. दोघी दिवसभर एकमेकींचे हात चाचपत राहायच्या. एकदा अनुसयाबाईंनी ताट बाजूला सारले. जेवण आवडले नाही असे वाटून राखी रडली. खरे तर म्हातारीची दाढ ठणकत होती. संध्याकाळी प्रज्योतने आईला विचारून राखीला लिहून दाखवले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

माझ्यात दोन गुण होते. बोललेले मी लिहून दाखवायचो आणि लिहिलेले मोठ्याने वाचायचो. इथल्या डोंगरात रेंज येते-जाते, पण हे काम रेंजवाचूनही चालायचे. प्रज्योतने दोन्ही सोयी सुरू करून दिल्या. अनुसयाबाई माझ्यापुढे बसल्या आणि ओरडूनच म्हणाल्या, "राखे, भात मऊ झालाय, बरा हाय!"

मी लिहिले, 'राख भात मऊ झालाय'. इकडची बोली मला नवी होती, काय करणार! राखी पोट धरून हसली. सासूला ती आत्या म्हणायची. मग तिने लिहिले आणि मी वाचले, "आत्या, अजून बोला."

अनुसयाबाई माझ्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ह्यो आवाज तुजा न्हवं. पर बोलणं तुजंच हाय, व्हय ना?"

त्या दिवसापासून त्या घरात गप्पांना तोटा उरला नाही.

पुढे पल्लवी जन्मली. ती रांगायच्या आतच रामनगरहून अनुसयाबाईंची धाकटी बहीण सुशीला आली. बाई मायाळू, पण शब्दाला धार.

"अक्का, तुला दिसत न्हाई, हिला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "पोर रडलं तर बघणार कोण? चालायला लागंपर्यंत पल्लवीला मी नेतो." इकडे बायकाही 'नेतो, येतो' असेच बोलतात.

प्रज्योतने मान खाली घातली. "मावशीचं काय खोटं न्हाई, आई. मी दिवसभर नदीवर असतो."

राखी तिथेच लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. कोणी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पण मी तिच्या गुडघ्याजवळ होतो आणि शब्द न् शब्द लिहीत होतो.

राखीने वाचले. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने मला उचलले, भराभर लिहिले, आवाज पूर्ण चढवला. मी बोललो, "पल्लवी माझी आहे. मला विचारा."

सुशीला दचकली. "कोण बोललं?"

"माझी सून बोलली," अनुसयाबाई म्हणाल्या. "सुशे, ऐकायला मी हाय, बघायला ती हाय. पोर कुटं जायाची न्हाई."

"बरं. उळवीच्या जत्रेपतोर ऱ्हातो हितंच. बघतो कसं सांभाळताय ते."

एका दुपारी पल्लवी पडवीतल्या झोळीत निजली होती. सुशीलाही शेजारी चटईवर आडवी झाली आणि घोरू लागली. राखी मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी तिच्या कमरेला खोचलेला. अचानक पल्लवी कळवळून रडली. मूल रडले की थरथरायचे, ही सोयही माझ्यात होती. मी जीव खाऊन थरथरलो. राखी भांडे टाकून धावली.

अनुसयाबाई आवाजाच्या रोखाने आधीच झोळीपाशी पोचल्या होत्या. "अंग गार हाय, ताप न्हाई," त्या चाचपत म्हणाल्या. "मग रडती का गं?" मी ते लिहिले. राखीने वाचले आणि वर पाहिले. फणसाची फांदी पडवीच्या छपराला टेकली होती. तिथून तांबड्या मुंग्यांची रांग दोरीवरून थेट झोळीत उतरत होती. राखीने लेकीला उचलले, अंगावरच्या मुंग्या झटकल्या आणि लिहिले, "मुंग्या. आत्या, मागे व्हा."

सुशीला जागी झाली, तेव्हा आजी पल्लवीच्या अंगाला खोबरेल लावत होती आणि राखी कोयत्याने ती फांदी तोडत होती. सुशीला उठून राखीजवळ गेली. मग माझ्याजवळ तोंड आणून म्हणाली, "राखी, कान-डोळं असून मी झोपलो. तुमची पोर तुमच्यापाशीच बरी." हे वाक्य मी एकही चूक न करता लिहिले.

संध्याकाळी प्रज्योतने मला हातात घेतले नाही. राखीसमोर बसून त्याने स्वतःच्या हातांनी कान धरून खूण केली, 'चुकलो'. मग तिच्याकडून तो तिच्या भाषेतल्या खुणा शिकू लागला.

आता पल्लवी दुडुदुडु चालते. आईला काही दाखवायचे असले की आधी तिचा पदर ओढते, आणि आजीजवळ गेली की तिचा हात आपल्या गालावर ठेवते. हे तिला कोणी शिकवले नाही, मी तर नाहीच. घरात नवा फोन आला आहे. थोडे वाईट वाटते, पण माझी बॅटरी बदलून घ्यायचा हट्ट राखीनेच धरला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा जुना फोन कपाटात पडला असेल, तर त्याला फेकू नका. तो कोणाचा कान होईल, कोणाचे डोळे होईल. आणि एवढे ध्यानात ठेवा. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नका. त्याच्याशी बोला.