रिकामा डबा

शिंपीकाकांची बायको रोज सकाळी खिडकीत उभी राहून दाण्यांच्या डब्यावर चमचा वाजवायची, की कबुतरं हजर. काका मशीनवरून खेकसायचे, "अगं, डोकं उठवलंस!" तिचं उत्तर ठरलेलं: "तुम्हाला कुणी बोलावलंय?"

ती गेली आणि डबा काकांच्या हाती आला. मग नगरपालिकेनं पक्ष्यांना दाणे टाकायला बंदी घातली. तरी डबा वाजतोच, अशी शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा निरीक्षकबाई दारात येऊन ठेपल्या.

काकांनी त्यांच्यापुढे डबा उपडा केला. आत दाणा सोडा, धूळही नव्हती. "बंदीच्या दिवसापासून एक दाणा टाकला असेल तर शपथ! मी काय कायदा मोडणारा वाटलो?"

"मग वाजवता कशाला? कबुतरं तरी येतात का आता?"

"छे! ती हुशार. चार दिवस रिकामी खिडकी बघितली आणि समजून गेली."

बाई काही न लिहिताच जिना उतरल्या. काकांनी डबा वाजवला, स्वतःच खेकसले, "अगं, डोकं उठवलंस!" आणि कान देऊन उभे राहिले.