किटली वर आली

डोंगरातल्या आमच्या कांप्लेर गावाला पाहुणे येतात ते बहुतेक वाट चुकूनच. बर्फावर घसरायला येणाऱ्यांना वर नेणारी, दोरावर लटकत्या दोन सिटांच्या खुर्च्यांची जुनी लिफ्ट, शिकाऊ पोरांना वर ओढणारी एक दोरी आणि डोंगरमाथ्यावर आमची खानावळ, एवढाच इथला पसारा. आन्सेल्म आणि डोरेट मात्र मुद्दाम आले होते. बाझल शहरातलं जोडपं, पन्नाशी उलटलेलं. मोठ्या नावाच्या ठिकाणी फार गर्दी म्हणून नवऱ्याने कुठून तरी आमचं गाव शोधून काढलं होतं, आणि बायकोला ते अजिबात पटलेलं नव्हतं. दुपारी सूप वाढता वाढताच मला हे कळलं.

"पाच तास गाडीत बसून आलो, आणि आहे काय? एक उतार. तोही धुक्यात," डोरेट म्हणाली.

"शांतता आहे," आन्सेल्म म्हणाला.

"शांतता घरीसुद्धा असते. तू कामावर गेलास की."

मला हसू आवरेना. "हसा तुम्ही," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला थोडंच याच्याबरोबर परत जायचंय!" बाई मला आवडली. बार्लीचं सूप तिने दोनदा मागून घेतलं.

नवरा भला होता, पण मदतीची खाज असलेला. न सांगता लाकडं आत आणून ठेवली, न सांगता टेबलं पुसली. माझा नवरा बाल्झर लिफ्टच्या वरच्या टोकाला काम करतो. तिथे जाऊन त्याने बाल्झरच्या हातातलं फावडंसुद्धा काढून घेतलं. "पाहुणे, सुट्टीवर आलात ना? मग बसा की जरा," बाल्झर म्हणाला. पण बसेल तर शपथ.

तीनच्या सुमाराला दोघं भांडत भांडतच स्कीवरून घसरत खाली गेली.

आता किटलीचं सांगते. माझा भाऊ कुर्दीन लिफ्टच्या खालच्या टोकाला असतो. मी आणि बाल्झर हिवाळाभर वरच राहतो, तेव्हा आमचं दूध रोज संध्याकाळी शेवटच्या खुर्चीवरून वर येतं. कुर्दीनची बायको ऐता पत्र्याची किटली आणून खांबाला टेकवून ठेवते. शेवटचा माणूस बसून गेला की मागच्या खुर्चीला कुर्दीन ती किटली बांधतो. त्याला वेळ नसला तर ऐताच बांधते. किटली वर आली की मागे कोणी नाही असं समजून बाल्झर लिफ्ट बंद करतो. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून हे असंच चालू आहे. मध्यंतरी कोणीतरी म्हणालंही, रोज फोन करून विचारत जा म्हणून. बाल्झर म्हणाला, "दूध काय खोटं बोलतं का?" सगळे हसले. मीही हसले.

त्या दिवशी चारला थोडा वेळ होता. धुकं इतकं दाट की लिफ्टचा दुसरा खांबही दिसत नव्हता, आणि वारा सुटलेला. त्या धुक्यातून आन्सेल्म वर आला. एकटाच, मांडीवर आमची किटली.

"खाली कोणीच नव्हतं हो," तो म्हणाला. "ही बिचारी खांबापाशी उभी होती. तुमची आहे हे मला माहीत होतं, घेऊन आलो."

"आणि बायको?" मी विचारलं.

"ती रुसलीय. म्हणाली, तू जा एकटा मरायला, मी गाडीत बसते. बसू दे."

बाल्झरने किटली माझ्या हातात दिली, आत गेला आणि चावी फिरवून लिफ्ट बंद केली. किटली खुर्चीला बांधून आली की पाहुण्याच्या मांडीवर बसून आली, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. किटली आली, दिवस संपला. आन्सेल्मला मी कॉफीत थोडी दारू घालून दिली. मग बाल्झर त्याला बर्फावरच्या मोटरसायकलवर बसवून उताराच्या वाटेने खाली सोडून आला. ती वाट जंगलाच्या पलीकडून जाते. लिफ्टचा दोर जातो घळीवरून.

खाली कुर्दीन तेवढा वेळ बसचं रुतलेलं चाक काढायला गेला होता. परत येऊन बघतो तर लिफ्ट बंद, किटली नाही. वाऱ्यामुळे बाल्झरने लवकर थांबवली असेल आणि किटली ऐताने बांधली असेल, असं धरून त्याने साखळी लावली आणि घरी गेला.

डोरेट गाडीत नव्हती. आन्सेल्मला वाटलं, बसने स्टेशनवर गेली असेल. एकदा एका लग्नातून ती अशीच निघून गेली होती म्हणे. तिचा फोन गाडीतच पडलेला. तो लॉजवर गेला, अंघोळ केली, जेवायला बसला, आणि मग त्याच्याने घास गिळवेना. मुलाला फोन केला. ती घरी पोचली नव्हती. मग त्याने कुर्दीनचं दार वाजवलं.

आमचा फोन वाजला तेव्हा मी भांडी घासत होते. बाल्झरने उचलला.

"बाल्झर, आज किटली कोणी बांधली?" कुर्दीनचा आवाज मला एवढ्या लांबून ऐकू आला.

"ऐताने. नाही का?"

"ती म्हणते, तिने फक्त खांबाला टेकवून ठेवली होती."

"पाहुण्याने आणली," मी म्हटलं. "मांडीवर घेऊन."

बाल्झरने माझ्याकडे बघितलं. फोन तसाच टाकून, कोटही न घालता तो बाहेर धावला.

लिफ्ट सुरू झाली. मी कांबळी घेऊन फलाटावर उभी राहिले. दिव्याच्या उजेडात धुक्यातून एकेक खुर्ची यायची, बर्फाने भरलेली, रिकामी, आणि वळून परत जायची. प्रत्येक रिकाम्या खुर्चीला मी मनात म्हणत होते, नसू दे कोणी. असेल ती स्टेशनावर, कोणाशी तरी भांडत. मग एका खुर्चीखाली दोन स्की दिसल्या.

ती ताठ बसली होती. खुर्चीचा दांडा खाली ओढलेला, मान छातीवर टेकलेली. स्वतःच्या पातळ हातमोज्यांवर तिने पुरुषी, जाड हातमोजे चढवले होते. तेव्हा मला आठवलं, आन्सेल्मने कॉफीचा पेला हाताला चटका बसेपर्यंत धरून ठेवला होता. किटली उचलताना हातमोजे काढून तो खालीच विसरला असणार. तेच द्यायला ती मागच्या एका खुर्चीवर बसली. तिने हाका मारल्या असतील. मला काही ऐकू आलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी रेडिओ लावून बसले होते.

आम्ही तिला आत शेगडीपाशी आणलं. हेलिकॉप्टर धुक्यात उडणार नव्हतं. खालून गावातली डॉक्टरीण लिफ्टने आली, आणि तिने आणि बाल्झरने आळीपाळीने डोरेटची छाती दाबली. किती वेळ, ते मी बघितलं नाही. मग डॉक्टरणीने बाल्झरचा हात धरला आणि तो थांबला. माझ्या नवऱ्याला मी त्याआधी रडताना कधी बघितलं नव्हतं.

एवढ्यात लिफ्टच्या खालच्या टोकाशी बोलायची वॉकीटॉकी खरखरली. बाल्झर तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता, म्हणून मीच उचलली.

"सापडली ना?" आन्सेल्म विचारत होता. "कुर्दीन म्हणतो, खुर्चीवर होती."

"हो, सापडली."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की शेवटी तो हसूच झाला. "चिडलीय ना खूप? चिडणारच. तिला द्या जरा. म्हणावं, चुकलं माझं, हवं तिथे जाऊ आपण पुढच्या वर्षी."

सांगायला दुसरं कोणीच नव्हतं. "आन्सेल्म," मी म्हटलं, "डोरेट जिवंत नाही. आम्ही खूप प्रयत्न केले."

पलीकडे आन्सेल्म कुर्दीनला काहीतरी म्हणाला. मग कुर्दीन बोलला, अगदी हळू.

"उर्सिना, तू परत सांग. त्याला वाटतंय, तिनेच तुला असं बोलायला लावलंय. तो म्हणतो, पुरे झालं म्हणावं तिला."

मी परत सांगितलं.