पुढच्या रांगेतलं मढं

"तात्या, जरा हळू चाला, आमाला पाय बघू द्या," मागून करण ओरडला आणि आसाराम थांबला.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका बंद गोदामापुढे गावातली तीस-चाळीस माणसं तोंडाला राखाडी रंग फासून, फाटके कपडे घालून उभी होती. मोबाईलवरच्या एका गेमवर सिनेमा निघत होता. गेममध्ये पोरं ज्यांना दणादण गोळ्या घालतात, ती मेलेली पण चालणारी माणसं म्हणजे ही मंडळी. गावानं त्यांना सरळ मढी म्हणायला सुरुवात केली होती. "आज मढ्यांना जेवायला काय हाय?" असं लोक खुशाल विचारत.

आसाराम या मढ्यांचा म्होरक्या झाला होता, आणि त्यात त्याचं कर्तृत्व काही नव्हतं. दीड वर्षापूर्वी कारखान्यात मशिनवर उभा असतानाच लकवा मारून त्याची डावी बाजू गेली. हात बराचसा परत आला, पाय आला नाही. चवडा जमिनीला घासत, कमरेतून पाय फेकत तो चालायचा. रस्त्यात लोक मुद्दाम दुसरीकडे बघतात हे त्याला कळायचं, म्हणून त्यानं बाहेर पडणंच सोडलं होतं. त्याची बायको सविता शूटिंगवाल्यांना डबे पुरवायची. एके दिवशी तिच्या आग्रहाखातर तो सोबत आला आणि दिग्दर्शकाच्या हाताखालच्या ईरानं त्याला चालताना पाहिलं.

"काका, सिनेमात काम कराल? तुमच्यासारखं चालायला इथं कुणालाच जमत नाहीये."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. आसारामला खरं तर राग यायला हवा होता. पण दीड वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या पायाकडे सरळ बघून बोललं होतं. त्याला बरं वाटलं, आणि तो हो म्हणून बसला.

मग काय, रोज सकाळी आसाराम पुढे आणि गावची धडधाकट पोरं मागे. "कमरंतून टाका रे. पाय आपला न्हाईच, आसं समजा," तो सांगायचा. शेजारच्या करणला ते सगळ्यांत आधी जमलं. कुणी हसत नव्हतं. घरी आल्यावर सविता मात्र त्याच्या तोंडाचा रंग पुसता पुसता करवादायची.

"तितं पाय वढायचा आन् हितं व्यायाम करायचा. पायानं तरी कुनाचं आयकावं?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी टाच टेकवायची, मग चवडा. सविता त्याला सकाळ-संध्याकाळ अंगणात चालवायची. टाच काही टेकत नव्हती. ती टेकावी एवढं एकच मागणं त्या घरात उरलं होतं.

त्या दिवशी मढी गोदामातून बाहेर येतात, असा शॉट होता. सगळ्यांत पुढे आसाराम. तो निघाला आणि चालता चालता त्याची डावी टाच जमिनीला लागली. आधी टाच, मग चवडा. त्याला वाटलं, भास झाला. पुढचं पाऊलही तसंच पडलं.

"कट!" दिग्दर्शक वैतागला. "काका, काय हे? आज अगदी माणसासारखे चाललात."

तिकडे डब्यांपाशी उभी असलेली सविता तोंडाला पदर लावून रडत होती. तिनं पाहिलं होतं.

ईरा धावत आली. "काका, एकदाच कालसारखं चाला ना. नुसतं नाटक करायचं."

"न्हाई, ताई."

"पाय दुखतोय का?"

"दुखत न्हाई वो. लई दिसांनी टेकलाय. आता त्याला परत वढ म्हनून न्हाई सांगायचा मी."

ईरानं दिग्दर्शकाकडे पाहिलं. पण ऊन चढत होतं आणि दिग्दर्शकाला थांबायला वेळ नव्हता. त्यानं करणला पुढे घ्यायला सांगितलं.

"तात्या, चालंल ना?" करणनं चाचरत विचारलं.

"चालंल. जा."

आसाराम सविताजवळ जाऊन उभा राहिला. पुन्हा शॉट सुरू झाला आणि गोदामाच्या दारातून करण बाहेर आला. चवडा घासत, कमरेतून पाय फेकत, डावा खांदा पाडून, तोंड किंचित वाकडं करून. तोंडाचं आसारामनं कुणाला शिकवलं नव्हतं. ते पोरानं आपलं आपण टिपलं होतं.



"सविते, मी आसा दिसायचो?"

"व्हय."

"तोंड बी?"

"व्हय."

"आन् तू कदी बोलली न्हाईस."

"काय बोलायचं? तुमी दवाखान्यातनं जित्ते घरी आला. मला तेवडंच दिसायचं."

शॉट ओके झाला. टाळ्या पडल्या. करणनं खांदा उचलला, तोंड सरळ केलं, पाय झटकला आणि चहाकडे पळत सुटला. त्याच्यामागून बाकीची मढीही पळाली. क्षणात सगळी माणसात आली. आसाराम त्या पळणाऱ्या पायांकडे बघत राहिला. त्याला पोरांचा राग आला नाही, पण फार एकटं वाटलं.

"चला, च्या घ्या," सविता म्हणाली. नेहमीसारखा तिनं त्याचं कोपर धरायला हात पुढे केला, आणि थोडं थांबून मागे घेतला.

आसाराम निघाला. टाच कधी टेकत होती, कधी घसरत होती. पोरं चहा पिऊन परत फिरली तेव्हा तो अजून वाटेतच होता, आणि सविता त्याच्यामागून, त्याच्याइतकीच हळू, डबे घेऊन येत होती.