दुहेरी लोकरीची कानटोपी

मित्रांनो, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असलेली करडी कानटोपी म्हणजे मीच. वयाने जुनी आहे, पण अजून माझा एकही टाका निसटलेला नाही. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या, थोडीफार आहेच.

आधी मी स्वेटर होते. माझ्या मालकिणीच्या नवऱ्याचा तो स्वेटर त्याच्या पोटावर बसेनासा झाला, तेव्हा तिच्या मैत्रिणीने तो उसवला. ही मैत्रीण एका लाँड्रीत फाटके कपडे शिवायची, म्हणून तिला सगळे शिवणवाली म्हणत. पोट मोठं होतं, त्यामुळे एका स्वेटरच्या तीन टोप्या झाल्या. थंडीवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. तिने लोकर दुहेरी धरून विणली, कानांवर जाड पाळ्या सोडल्या आणि हनुवटीखाली बांधायला बंद लावले. "आता वाऱ्याने आत शिरून दाखवावंच," ती म्हणाली. एक टोपी तिची, एक कपडे पोचवणाऱ्या गाडीवालीची आणि तिसरी, म्हणजे मी, माझ्या मालकिणीची.

माझी मालकीण त्याच लाँड्रीत इस्त्री करायची. पण मी विणली गेले तेव्हा ती बरेच दिवस घरीच होती. तिच्या हृदयाची झडप बदलली होती. जखम भरली, तब्येत सुधारली, तरी घरचे तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नसत. ती उठली की नवरा म्हणायचा, "तू बस, मी करतो." माणूस लाखात एक, पण त्याच्या मायेने ती अगदी घुसमटून गेली होती.

हृदयरोग्यांना मदत करणारी एक संस्था दर हिवाळ्यात धावण्याची शर्यत भरवायची. मालकिणीने नाव दिलं आणि घरात भूकंप झाला. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "हळूहळू सराव करून खुशाल पळा. फक्त पळताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं, की थांबायचं."

बोलण्याची अट बडबड्या मालकिणीच्या पथ्यावरच पडली. शिवणवाली आणि गाडीवालीनेही नावं दिली. तिघींनी ठरवलं, मालकिणीने पुढे पळत बोलत राहायचं आणि मागच्या दोघींनी कान देऊन ऐकायचं. ती गप्प झाली की शर्यत संपली. लाँड्रीतल्या यंत्रांच्या घरघरीत वर्षानुवर्षं बोलून तिघींचेही आवाज खणखणीत झाले होते, त्यामुळे ऐकू येईल की नाही ही शंका कुणाला आलीच नाही. महिनाभर सराव छान झाला. तेव्हा थंडी बेताची होती आणि मी डोक्यावर नुसती टेकलेली असायचे.

शर्यतीच्या सकाळी मात्र गवतावर दहिवर गोठलं होतं. निघताना मालकीण मैत्रिणींना म्हणाली, "मला संस्थेच्या गाडीत घालून परत आणलं ना, तर यापुढे मला कुणी उंबरा ओलांडू देणार नाही. इस्त्रीच्या टेबलाचं तर नावच नको." हे ती हसत म्हणाली, पण माझे बंद तिने दोनदा सोडून पुन्हा बांधले.

पूल ओलांडला आणि नदीवरचा बोचरा वारा अंगावर आला. तिघींनी पाळ्या खाली ओढल्या आणि बंद घट्ट आवळले. मालकीण रंगात आली होती. गिऱ्हाइकांच्या खिशांत काय काय सापडतं ते सांगत होती. एकाच्या कोटात दातांची कवळी निघाली होती आणि तो ती न्यायला आला तेव्हा तोंडावर हात धरून बोलत होता. मी हसून बेजार झाले. पण ऐकणारी मी एकटीच होते.

मागे दोघींच्या कानांत एक अक्षर जाईना. ही गप्प झाली असंच त्यांना वाटलं. "थांब, अगं थांब," त्या बेंबीच्या देठापासून ओरडल्या. ते हिला ऐकू जाईना. हात हलवत त्या जीव खाऊन पळाल्या आणि ते बघून संस्थेची गाडी आमच्यापुढे येऊन थांबली. नर्सबाई खाली उतरल्या. एक बाई निवांत उभी होती आणि दोघी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होत्या. नर्सबाईंनी सरळ शिवणवालीचा दंड धरला. "पेशंट तुम्हीच ना? चला, गाडीत बसा."

शिवणवालीने मान हलवली आणि मालकिणीकडे बोट दाखवलं. थोडा दम खाल्ल्यावर तिला रडूच फुटलं. "तू गप्प झालीस आणि मला वाटलं, संपलं सगळं. बस बाई गाडीत. पुरे झालं."

"मी कुठे गप्प झाले? कवळीची गोष्ट आत्ता संपली," मालकीण म्हणाली.

नर्सबाईंनी तिला तपासलं. सगळं ठीक होतं. "पळायला हरकत नाही. पण मन धजत नसेल तर गाडी आहे," त्या म्हणाल्या. गाडीचं दार उघडंच होतं आणि आत ऊब होती. मालकीण क्षणभर त्या दाराकडे बघत राहिली.

"भीती मलाही वाटते गं," ती म्हणाली. "रोज वाटते. पण ती माझी मी सांभाळीन. तुम्ही मागे राहून पहारा देऊ नका, माझ्या बरोबरीने पळा."

तिने माझे बंद सोडले आणि पाळ्या वर दुमडल्या. बाकी दोघींनीही तेच केलं. कान लालबुंद झाले, पण उरलेला रस्ता तिघी एका ओळीत पळाल्या. अधूनमधून दोन शब्द बोलायच्या, बाकी वेळ एकमेकींचा श्वास ऐकायच्या.

शेवटच्या रेषेपाशी नवरा घडीची खुर्ची घेऊन उभा होता. ती येताना दिसताच त्याने खुर्ची उघडली. "बस, बस आधी," तो म्हणाला.

"अहो, तुम्हीच बसा," ती म्हणाली. सकाळपासून तो काळजीने ताटकळत उभा होता. तो बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

आठवडाभरात मालकीण इस्त्रीच्या टेबलाशी परत उभी राहिली. पुढे कितीतरी हिवाळे आम्ही दोघी पळालो. मग तिला एक हलकी, नवी टोपी मिळाली आणि "हिला आता जपून ठेवायला हवं" म्हणत तिने मला इथे वर ठेवलं. मित्रांनो, लोकर वापरून झिजते त्याहून लवकर कपाटात कसर लागून संपते. तुमच्या घरीही असं कुणी जपून ठेवलेलं असेल, तर त्याला बाहेर काढा, ऊन दाखवा, कामाला लावा.

आणि माझी मालकीण कुठे भेटली, तर माझ्या वतीने तिला एवढंच विचारा, त्या सकाळी तू त्या उबदार गाडीत बसली असतीस, तर आज कुठे असतीस?