हळदीबाबांच्या हाती गावाची अब्रू

अमडापूरच्या बाजारात हळदीबाबा उतरले आणि निम्म्या गावाच्या पुरुषांचं चारित्र्य चव्हाट्यावर आलं.

बाबांची रीत सोपी. हात धुवायचे नाहीत, देवापुढे जसे आहात तसे यायचं. मग बाबा तळहातावर ओल्या हळदीचं बोट ओढत. हळद पिवळी राहिली तर माणूस निर्मळ, लाल झाली तर रक्तात गुप्तरोग. बायकांचे हात पिवळे राहत, पुरुषांचे भराभर लाल होत. सरस्वतीबाईंनी तर नवऱ्याशी बोलणंच टाकलं. तो बिचारा आयुष्यात नांदुऱ्यापलीकडे गेलेला नव्हता. तरी गर्दी वाढतच होती. डॉक्टर कपडे उतरवायला सांगतात, बाबा नुसता हात मागत. माझ्या मते बाबांची खरी सिद्धी हीच.

माझे शेजारी पुंजाजी आपल्या मुलाला, दीपकला, तिथंच घेऊन गेले. दीपकचं लग्न पिंपळगाव राजाच्या प्रेरणाशी ठरलेलं. लग्न तोंडावर आलं म्हणून मित्रांचं ऐकून त्यानं जुन्याच ब्लेडनं जांघेतले केस सफाचट केले, आणि तिथं लाल पुळ्या उठल्या. घाबरून त्यानं बापाला सांगितलं. बाबांनी बोट ओढलं, हळद लालभडक.

"लग्न मोड," बाबा गरजले. "नाही तर नवरीचंही रक्त नासेल."

पुंजाजींनी लगेच तसा निरोप धाडला. दीपकनं अन्न सोडलं. कुणा बाईच्या वाऱ्यालाही न उभा राहिलेला पोरगा अपराध्यासारखा मान खाली घालून बसला, तेव्हा मला बाबांपेक्षा पुंजाजींचाच जास्त राग आला.

निरोप ऐकून प्रेरणा स्वतःच आली. मोडायचं तर कशावरून मोडता, असं विचारून तिनं दीपकला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर धम्मशीलाबाईंनी त्याला आत एकट्याला तपासलं, विचारायचं ते स्पष्ट विचारलं आणि भिंगातून पुळ्या त्यालाच दाखवल्या. एकेका पुळीच्या मधोमध वळून कातडीत शिरलेला केस होता.

"दाढी केल्यावर मानेवर येतात न, तशाच ह्या," त्या म्हणाल्या. "संसर्गाचं वेगळं असते. बारीक पाण्याचे फोड घोळक्यानं येतात अन् फुटतात, नाहीतर न दुखणारी जखम होते, लघवीले जळजळ होते, पू येते. नुसतं पाहून नेहमीच कळत नाही, म्हणून तपासणी करायची."

रक्तही तपासलं, त्यात काही निघालं नाही. ब्लेड बंद, कोमट पाण्याचा शेक आणि पुळ्या न फोडणं, एवढाच उपाय.

पुंजाजींना पटेना. तळहातावर तंबाखू-चुना मळत ते म्हणाले, "मंग हळद लाल काऊन झाली?"

प्रेरणा त्या हाताकडे बघतच राहिली. "मामा, तुमी चला बरं बाबाकडे."

भर बाजारात पुंजाजींचा हात दीपकपेक्षाही लाल निघाला. या वयात! लोक फिदीफिदी हसू लागले. पुंजाजींच्या पत्नी आशाबाईंचा हात मात्र पिवळा राहिला. तेव्हा प्रेरणानं पुंजाजींच्याच डबीतला चुना बोटावर घेऊन त्या पिवळ्या हळदीत कालवला. हळद लाल झाली.

"आता सासूबाईलेही गुप्तरोग झाला का, बाबा?" तिनं विचारलं. "हळदीले चुना लागला का ती लाल होते. इथले माणसं दिवसभर तंबाखू मळतात, अन् तुमी हात धुऊ देत नाही."

बाबांना एकाएकी दुसऱ्या गावच्या भक्तांची आठवण झाली. पुंजाजींनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. माफी मागणं त्यांना जमलं नाही, पण डोळे भरून आले.

तेव्हा लोकहो, पुळी आली तर लाज सोडा आणि दवाखाना गाठा. आणि रोग निघालाच, तरी तो जंतूंमुळे होतो, पापामुळे नाही, आणि त्यावर उपचार असतात. तळहात बघून जांघेचं निदान करणाऱ्याला चार प्रश्न विचारायला मात्र विसरू नका.

दीपकच्या हळदीला आशाबाई मांडवाच्या दारात लिंबं घेऊन उभ्या होत्या. हाताचा चुना लिंबानं चोळून धुतल्याशिवाय त्यांनी एकाही पुरुषाला नवरदेवाला हळद लावू दिली नाही.