माझी पूजा हललीच नाही

दचकू नका, मी छऱ्याची बंदूक बोलतेय. बँकेच्या दारात शिपायाच्या खांद्यावर असते ती मी नव्हे. माझ्या पोटात दारू नाही, नुसती स्प्रिंग. पण तोरा विचाराल तर तोफेचा.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते साताऱ्यातलं दुकान. काचेच्या कपाटात आम्ही पाचसहाजणी उभ्या असायचो. येणारे बहुतेक हौशी, हातात धरून फोटो काढायचे आणि जायचे. एके दिवशी नाथाजी आले. औंधजवळच्या गावचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

दुकानदाराने आधी माझ्या शेजारणीला पुढे केलं. वर दुर्बीण, चकचकीत दस्ता.

"दुर्बीण नगं," नाथाजी म्हणाले. "डोळ्यानं दिसत न्हाई त्यानं शिकारीला जाऊच न्हाई."

"कशाची शिकार, साहेब?"

"ससं. गेल्या साली हरभरा उगवला का खाल्ला."

मग त्यांनी मला उचललं. खांद्याला लावून पाहिलं, नळी बिजागरीवर वाकवून स्प्रिंगचा आवाज ऐकला, मागच्या भिंतीवर पुठ्ठा टांगून छरे मारले. सगळे छरे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. "हीच द्या. जनावर एका छऱ्यात गेलं पायजे, तडफडाय नगं." मला माणूस आवडला. निवड करावी तर अशी.

"हिला लायसन लागत नाही," दुकानदार म्हणाला होता. घरी नाथाजींनी ते बायकोला, शालूबाईंना, कौतुकानं सांगितलं.

"बंदुकीला लागत न्हाई, पर ससा मारला तर फारेष्टवाले धरत्यात," त्या म्हणाल्या.

"फारेष्टवाला काय माज्या रानात राखणीला बसलाय व्हय?"

मग खंडेनवमी आली. विळा, कोयता, कुदळ धुऊन देवापुढे मांडले, त्यांच्या रांगेत मलाही ठेवलं. शालूबाईंनी हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. खोटं कशाला बोलू, लय भारी वाटलं. पूजा हलवल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नसतो, हे तुम्हाला माहीत असेलच.

दसऱ्याला विळ्याकोयत्याची पूजा हलली. माझी नाही. "आज शनवार हाय," शालूबाई म्हणाल्या. मग सोमवार निघाला, मग दिवाळीची आवस. जुना झेंडू सुकायच्या आत त्या ताजा वाहायच्या. तिकडे हरभरा उगवला, ससे आले. मी चिडले. एवढी पारखून आणलेली बंदूक, आणि देव्हाऱ्यात बसून उदबत्तीचा धूर खातेय.

नाथाजीही वैतागले. "अगं, आता तरी हलव की पूजा."

शालूबाई निरांजनाची वात सारत होत्या. "तुमी सरहद्दीवर बर्फात व्हता, तवा औंधच्या यमाईला रोज हात जोडायचे मी. ह्यांना कुणाची गोळी लागू नये, आन् ह्यांची कुणाला लागू नये. पयलं तिनं ऐकलं, तुमी घरला आला. दुसऱ्याचं मी तुमाला कदी इचारलं न्हाई. इचारणार बी न्हाई. पर आता ह्या हातानं कायबी मारू नगा."

नाथाजी उठले. रानात गेले आणि पत्र्याचा डबा बडवून ससे हाकलू लागले. तेव्हापासून रोज तेच. ससेही बेरकी, थोड्याच दिवसांत डब्याला सरावले.

गेल्या आठवड्यात लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला शालूबाई मेढ्याला गेल्या. माझ्यावरचा झेंडू वाळून गेला. एका सकाळी नाथाजींनी तो उचलून बाजूला ठेवला, मला हातात घेतलं, खांद्याला लावलं. मला वाटलं, चला, आज रान बघायला मिळणार.

त्यांनी मला होते तिथेच ठेवलं. अंगणातून ताजं फूल आणून वाहिलं. मग माझ्या दस्त्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "दुसरं न्हाई ऐकलं गं यमाईनं. येकदा माजी गोळी लागली." आणि डबा घेऊन रानात गेले.

तेव्हापासून मला शिकारीची हौस उरली नाही. देव्हाऱ्यात माझं काही अडत नाही. तुम्हाला सगळं सांगून बसले, राहवलं नाही म्हणून. पण यमाईच्या दर्शनाला आलात आणि शालूबाई भेटल्या, तर हरभऱ्याचं विचारा, नव्या नातवंडाचं विचारा. हे एवढं मात्र त्यांच्या कानावर घालू नका.