तबकडीवर जळणारी फीत

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. आधीच सांगितलेलं बरं.

मला वाचा फुटली ती १९८१ साली, स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या एका रेडिओ केंद्रात. एका दुपारी 'पेपर ट्राम्स' नावाच्या बँडची चार पोरं तिथे आली. ऊना बेस गिटार वाजवायची. तिने असा काही ठेका धरला, की ध्वनिमुद्रण करणाऱ्या गंभीर हॅलक्रोसाहेबांचा बूटसुद्धा टेबलाखाली नाचू लागला. चार गाणी माझ्यावर उतरली. रेडिओवर मी एकदाच वाजले.

मग लंडनमध्ये त्याच गाण्यांची तबकडी निघाली. बँडचा गायक लॅकलन, त्याने ऊनाला वगळून भाडोत्री वादक घेतला. त्या वादकाने तिचाच ठेका उचलला आणि नाव मात्र त्याचं झालं. काळी, गुळगुळीत, मिरवणारी ती तबकडी! लोकांनी तिला चौकटीत घालून भिंतीवर टांगलं. मला तर रेडिओवाले पुसून माझ्यावर दुसरा कार्यक्रम भरणार होते. हॅलक्रोसाहेबांनी गुपचूप घरी नेलं म्हणून वाचले. त्यांच्या दमट गॅरेजमध्ये मी चाळीस वर्षं तबकडीच्या नावाने बोटं मोडली, बोटं नसूनही.

पुढे जुनी रेडिओ मुद्रणं प्रसिद्ध करायची टूम निघाली. ऊना आणि लॅकलन गॅरेजमध्ये आले. केस पांढरे, तोंडं फुगलेली.

"ठेका त्या वादकाचाच होता, ऊना. किती वर्षं तेच उगाळशील?"

"आधी फीत वाजू दे, मग बोल."

पण ओलीने मी चिकट झाले होते. तशीच वाजवली असती तर माझ्यावरच्या लेपाची सालं निघून गाणीच गेली असती. ओल उडावी म्हणून हॅलक्रोसाहेबांनी मला बायकोच्या सफरचंदं सुकवायच्या यंत्रात आठ तास मंद आचेवर शेकलं. दुसऱ्या दिवशी मी वाजले. पहिल्याच गाण्याला लॅकलनने यंत्र थांबवलं.

"ही तर तूच आहेस."

"चाळीस वर्षं दुसरं काय सांगतेय, गाढवा?"

"मला ठाऊक होतं गं. तेव्हाही. मी गायचो आणि लोक तुझ्याकडे बघायचे. मला ते सोसवलं नाही."

ऊनाने फीत पुन्हा पहिल्यापासून लावली. त्याचा मत्सर ऐकून मला मात्र माझीच लाज वाटली.

आता माझ्यावरून नवी तबकडी निघाली आहे. तिच्यावर ऊनाचं नाव ठळक छापलं आहे. या तबकडीवरही मी जळतेच; स्वभावाला औषध नाही. पण मित्रांनो, घरातल्या जुन्या फिती ओलीत टाकू नका. कुणाचं तरी नाव फक्त त्यांच्यातच उरलेलं असतं, आणि ते पुसणारा माणूस बहुतेक वेळा परका नसतो.